कंबर कसायची म्हणजे नेमकं काय कसायचं?

मागच्या थंडीतली गोष्ट. सकाळी उठल्या उठल्या बेसिनवर वाकून चूळ भरत होतो, तेवढ्यात शिंक आली. शिंक बाहेर पडली आणि कंबर तिथेच राहिली. सरळ होता येईना, खाली बसवेना. हनुवटीवर टूथपेस्टचा फेस घेऊन, बेसिनची कड धरून मी पाच मिनिटं काटकोनात उभा. आई आतून आली, एक नजर टाकली आणि म्हणाली, "उसण भरली ना? काय उचललंस रे?"

काहीच उचललं नव्हतं. आदल्या संध्याकाळी मात्र गॅसचं भरलेलं सिलिंडर दारातून स्वयंपाकघरात नेलं होतं. आत १४.२ किलो गॅस आणि रिकाम्या टाकीचं वजनही साधारण तेवढंच, म्हणजे तीसेक किलोचा ऐवज. तेव्हा कंबर हूं की चूं बोलली नाही. आणि हातात टूथब्रश असताना गेली.

आईने सोसायटीत पायाळू कोण आहे याची चौकशी सुरू केली. पायाकडून जन्मलेल्या माणसाने कमरेला पाय लावला की उसण उतरते, हा आपल्याकडचा जुना इलाज. उसण बहुतेक वेळा चार-आठ दिवसांत आपणहून उतरते, त्यामुळे पायाळू माणसांच्या हाताला, म्हणजे पायाला, भलतंच यश असतं. मी तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टकडे गेलो. मॅडमनी विचारलं, व्यायाम काय करता? मी छाती पुढे काढून सांगितलं, रोज पन्नास सिट-अप्स. पोट मजबूत आहे माझं.

त्या हसल्या. म्हणाल्या, "पोटाला वाकायला शिकवलंत तुम्ही. त्याचं काम न वाकण्याचं आहे."

पोतं भरलेलं आणि अर्धं

'कोअर' हा शब्द हल्ली जिमच्या पाटीपासून औषधाच्या दुकानातल्या कंबरपट्ट्यापर्यंत सगळीकडे दिसतो, आणि बहुतेकांच्या डोळ्यांपुढे त्याने सिक्स-पॅक उभे राहतात. ते सहा चौकोन म्हणजे बरगड्यांपासून जांघेच्या हाडापर्यंत जाणारा पोटावरचा एक उभा स्नायू. तो कोअरचा भाग आहे, पण दर्शनी. घराला रंग असतो तसा.

खरी यंत्रणा एखाद्या डब्यासारखी आहे. डब्याचं झाकण म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधलं श्वासपटल. श्वास घेताना ते खाली सरकतं. तळ म्हणजे ओटीपोटाच्या खाली झोळीसारखे पसरलेले स्नायू. लघवी रोखून धरताना आपण आवळतो ते हेच. मागची भिंत म्हणजे मणक्यांना दोन्ही बाजूंनी धरून असलेले लहानमोठे स्नायू. आणि पुढची व बाजूची भिंत तीन थरांची: बाहेरचे दोन थर तिरपे, एकमेकांना छेद देणारे, आणि सगळ्यात आतला आडवा. हा आडवा थर पोटाभोवती शेल्यासारखा गुंडाळलेला असतो. हमाल ओझं उचलण्याआधी कमरेला फडकं आवळतो, बायका कामाला लागताना पदर खोचतात, तसा हा आपल्याला जन्मतः मिळालेला शेला.

हे चारही बाजूंनी एकदम आवळले की डब्यातला दाब वाढतो आणि मणक्यांना पुढूनही टेकू मिळतो. धान्याचं पोतं आठवा. ठासून भरून तोंड शिवलेलं पोतं उभं केलं तर उभं राहतं, वर दुसरं ठेवलं तरी चालतं. अर्धं रिकामं पोतं मात्र उभं करा, ते मधेच दुमडून कलंडतं. पोटातला दाब म्हणजे पोत्यातलं धान्य.

आणि टेकूची गरज किती? कमरेचे पाच मणके, त्यांच्यातल्या गाद्या आणि त्यांना बांधणारे अस्थिबंध तेवढे ठेवून बाकीचे स्नायू काढून टाकले आणि प्रयोगशाळेत वरून भार दिला, तर सुमारे ९० न्यूटनला, म्हणजे नऊएक किलोला, तो कणा बाजूला लचकतो. नऊ किलो! शाळकरी पोराचं दप्तर आणि वर पाण्याची बाटली. आपण ज्याला 'ताठ कणा' म्हणतो तो ताठपणा हाडांचा नाही. तंबूचा खांब आजूबाजूच्या दोरांवर उभा असतो, तसा कणा स्नायूंवर उभा असतो. एक दोर ढिला पडला की खांब कितीही भक्कम असो, तंबू विरुद्ध बाजूला झुकतो.

हात हलण्याआधी पोट हलतं

आता माझ्या शिंकेकडे येऊ. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९६ साली एक साधा वाटणारा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना उभं करून सांगितलं, दिवा लागला की हात झटकन वर करा. खांद्याच्या आणि पोटाच्या स्नायूंमधले विद्युत-संकेत मोजले. निरोगी माणसांत पोटाचा तो आतला शेला खांद्याच्या आधीच आवळला जात होता. हात अजून हललेलाही नाही आणि कंबर तयार. ज्यांना वरचेवर कंबरदुखी होती, त्यांच्यात हा शेला उशिरा जागा होत होता.

माझ्या सिलिंडरचं कोडं इथे सुटतं. सिलिंडर उचलताना मी नकळत दम घेतला, पोट आवळलं, पाय फाकवून उभा राहिलो. शरीराला ठाऊक होतं की ओझं येतंय. बेसिनवर मात्र सगळे दोर ढिले होते, पाठ पुढे गोल झाली होती, आणि शिंकेचा झटका न सांगता आला.

त्यात वेळ सकाळची. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी आपली उंची रात्रीपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जास्त भरते. फुगलेल्या गादीला वाकवलं की तिच्यावर ताणही जास्त येतो. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनी कंबरदुखी असलेल्या लोकांना एवढंच सांगितलं होतं, की उठल्यावर पहिले काही तास कमरेतून वाकू नका. त्यांचं दुखणं कमी झालं. ना गोळी, ना मालीश.

हॉजेस-रिचर्डसन यांच्या प्रयोगाचा एक गमतीशीर परिणाम झाला. आतला शेला उशिरा जागा होतो, मग त्यालाच जागं करा, म्हणून जगभर 'बेंबी आत ओढा' हा मंत्र सुरू झाला. आपल्याकडे तो लगेच रुजला, कारण श्वास पूर्ण सोडून पोट आत खेचण्याची योगक्रिया, उड्डियान बंध, आपल्याला माहीत होती. पण दोन्हींत गल्लत नको. लोणावळ्याच्या कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांनी १९२० च्या दशकातच उड्डियान आणि नौली करताना पोटातला दाब मोजून पाहिला होता, आणि तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली जातो असं त्यांना आढळलं. म्हणजे उड्डियानात पोतं रिकामं होतं. ती क्रिया तिच्या जागी उत्तम. पण बादली उचलताना तुम्हाला नेमकं उलट हवं असतं, भरलेलं पोतं. पोट आत ओढायचं नाही आणि बाहेर फुगवायचंही नाही. मित्राने गंमतीत पोटात गुद्दा मारायला हात उगारला की ते जसं आपसूक घट्ट होतं, तसं करायचं. तेही पूर्ण ताकदीने नको. शंभरातले दहा-वीस टक्के आवळलं तरी रोजच्या कामाला पुरतं. आणि घट्ट ठेवूनच बोलता-श्वास घेता यायला हवं. इथेच बहुतेकांची गाडी अडते.

करून पाहा आत्ताच. दोन्ही हातांची बोटं बरगड्यांखाली, बाजूला खुपसा. हलकेच खोका. बोटं बाहेर ढकलली गेली ना? आता न खोकता तेवढंच ढकला आणि एक ते दहा मोठ्याने मोजा. पाचाच्या पुढे आवाज चोंदला असेल, तर तुम्ही श्वास कोंडून धरलाय.

सिट-अप्सचं काय बिघडलं?

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले स्टुअर्ट मॅकगिल यांनी आयुष्याची तीसेक वर्षं कण्यावर किती भार येतो हे मोजण्यात घालवली. त्यांच्या मोजमापात एका सिट-अपला कमरेच्या मणक्यांवर ३,००० न्यूटनच्या वर दाब येतो. किलोंत सांगायचं तर तीनशेहून जास्त. शिवाय उठताना पोटाइतकंच काम खुब्याच्या पुढचे स्नायू करतात, आणि ते कमरेच्या मणक्यांनाच बांधलेले असल्यामुळे कणा पुढे खेचतात. कोणी पाय दाबून धरले तर जास्तच. त्यांच्या प्रयोगशाळेत डुकरांचे मणके हजारो वेळा पुढे-मागे वाकवून पाहिले गेले. फारसं वजन न देताही गादीचा आतला गर हळूहळू मागच्या बाजूने वाट काढत बाहेर आला. तार वाकवत राहिलं की तुटते, तसं.

यावर वाद आहे, आणि तो रास्त आहे. मेलेल्या डुकराचा मणका स्वतःची दुरुस्ती करत नाही, जिवंत माणसाचा करतो. जन्मभर सिट-अप्स मारूनही ठणठणीत असलेले लोक सगळ्यांच्या ओळखीत असतात. मी एवढंच म्हणेन, की वाकण्याचा कोटा दिवसभरात भरून वाहतोच. स्कूटरवर, ऑफिसच्या खुर्चीत, मोबाईलवर. मग व्यायामाच्या नावाने आणखी पन्नास वेळा कशाला? अमेरिकेच्या लष्कराने आणि नौदलानेही अलीकडच्या वर्षांत शारीरिक चाचणीतल्या सिट-अप्स काढून तिथे प्लँक आणला, म्हणजे कोपरं आणि पावलं टेकून अंग फळीसारखं सरळ धरून ठेवणं.

आणि हो, पोटाचे व्यायाम करून पोटावरची चरबी उतरत नाही. चरबी कुठली आधी जाणार हे शरीर ठरवतं, आपण नाही. या एका गैरसमजावर किती पट्टे आणि यंत्रं खपली असतील देव जाणे.

तीन व्यायाम, एक झुरळ आणि एक बादली

मॅकगिल यांनी सुचवलेले तीन व्यायाम मॅडमनी मला पहिल्याच दिवशी शिकवले. दिसायला इतके मामुली, की फी परत मागावीशी वाटली.

पहिला, अर्धं उठणं. उताणं झोपा, एक गुडघा दुमडलेला, एक पाय सरळ. दोन्ही तळहात कमरेखालच्या पोकळीत सरकवा. ती पोकळी सपाट करायची नाही, हात त्यासाठीच तिथे आहेत. आता डोकं आणि खांदे जमिनीपासून इतकेच उचला, की डोक्याखाली वजनकाटा असता तर तो शून्यावर आला असता. बस्स. हनुवटी छातीला लावायची नाही, मान ताणायची नाही. दहा सेकंद. पहिल्या दिवशी मला वाटलं, यात काय आहे? चौथ्या वेळेला पोट थरथरायला लागलं.

दुसरा, कुशीवरचा प्लँक. कुशीवर झोपून कोपर बरोबर खांद्याखाली, सुरुवातीला गुडघे दुमडून त्यांच्यावरच भार. कंबर उचलायची म्हणजे खुबा पुढे ढकलायचा, खांदा-खुबा-गुडघा एका ओळीत. पोटाच्या बाजूच्या भिंती यात राबतात आणि पाठीवर भार कमी येतो. जमायला लागलं की गुडघे सरळ करून पावलांवर.

तिसरा, ओणवं होऊन. लहान मूल रांगतं तसे दोन हात, दोन गुडघे. उजवा हात पुढे, डावा पाय मागे, दोन्ही जमिनीला समांतर, मग उलट. गंमत अशी, की यात हात-पाय किती वर जातो याला काही किंमत नाही. कंबर हलता कामा नये. मॅडमनी माझ्या माकडहाडाच्या वर चहाचा रिकामा कप ठेवला. पाय उचलताच कप गडगडला. घरी मी स्टीलची वाटी ठेवायचो, तिचा आवाज शेजारी ऐकू जायचा. वाटी पडायची थांबायला मला अडीच आठवडे लागले, आणि त्या अडीच आठवड्यांत माझं मलाच कळलं की डावा पाय मागे नेताना मी दर वेळी कंबर पिळतो.

तिन्हींत धरायचं दहाच सेकंद. जास्त वेळ स्नायू आवळून धरला की त्यातला रक्तपुरवठा आवळतो, दमलेला स्नायू मग ढंग बिघडवतो. वेळ न वाढवता संख्या वाढवायची, आणि फेऱ्या उतरत्या: आधी प्रत्येकी सहा वेळा, थोडं थांबून चार वेळा, मग दोन. शरीर ताजं असताना जास्त, दमल्यावर कमी. प्लँकचे विक्रम नऊ तासांच्या पुढे गेलेत. ते त्यांना लखलाभ. कणा सांभाळायला मोठ्या ताकदीपेक्षा थोडी ताकद दिवसभर पुरवून वापरता येणं जास्त उपयोगी.

महिन्याभराने चौथा व्यायाम आला. इंग्रजीत त्याला मेलेला किडा म्हणतात, मला ते आमच्या मोरीतलं उताणं पडलेलं झुरळ वाटलं. उताणं झोपून दोन्ही हात छताकडे, गुडघे काटकोनात हवेत. मग उजवा हात डोक्यामागे आणि डावा पाय पुढे, सावकाश, जमिनीला टेकू न देता. परत आणून दुसरी जोडी. कंबर जमिनीवरून कमानीसारखी उचलली जायला लागली की तिथेच थांबायचं. तुमची हद्द तिथे आहे.

आणि मग बादली. हा माझा सगळ्यात आवडता, कारण यात चटई लागत नाही. पंधरा लिटरची बादली भरून एकाच हातात घ्या आणि घरभर चाला. एकाच. दोन हातांत दोन घेतल्या की तोल आपसूक साधतो, मजा जाते. बादली उजवीकडे असेल तर डाव्या कुशीतले स्नायू तुम्हाला सरळ धरतात. पाणी हिंदकळलं नाही, खांदा झुकला नाही, की जमलं. जिममध्ये लोखंडी वजन घेऊन हेच करतात. ज्या गावांत नळ उशिरा आले तिथल्या बायकांनी डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन जन्मभर हेच केलं. त्याला व्यायाम म्हणण्याची चैन त्यांना नव्हती, आणि त्यांच्या कमरा दुखतच नव्हत्या असंही नाही.

आपल्या जुन्या व्यायामांचं विचाराल, तर दंड म्हणजे चालता-फिरता प्लँकच आहे. लहानपणी आमच्या तालमीतले वस्ताद दंड मारताना पोराचं पोट खाली लोंबलं की पोटाखालून हाताची थाप द्यायचे. एक शब्द न बोलता. कोअर हा शब्द त्यांनी ऐकला नसेल, पण थाप बरोबर जागी पडायची. मल्लखांबावर तर कोअर ढिला सोडायची सोयच नाही, माणूस खाली येतो. सूर्यनमस्कारही उत्तम, फक्त कंबर दुखरी असेल तर उठल्या उठल्या पायाला हात लावायला जाऊ नका. तासभर हिंडा-फिरा, गाद्यांचा फुगारा उतरू द्या.

जादू नाही

एक गोष्ट व्यायाम शिकवणारे सांगायचं टाळतात. जुन्या कंबरदुखीवर कोअरचे खास व्यायाम आणि इतर साधे व्यायाम यांची तुलना करणारे बरेच अभ्यास झालेत. या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात लांबच्या मुदतीत फारसा फरक दिसला नाही. चालणारा, पोहणारा, बैठका मारणारा माणूसही सुधारतो. मग हे सगळं कशासाठी? माझ्यापुरतं उत्तर असं, की या व्यायामांनी मला कंबर कुठे हलते ते दाखवलं. वाटीने दाखवलं. आता जमिनीवरचं काही उचलताना मी पाठ गोल करण्याऐवजी मागे स्टूल असल्यासारखा ढुंगण मागे नेतो आणि खुब्यातून वाकतो. पेन-बिन असेल तर एका हाताने टेबल धरून एक पाय मागे हवेत. ऑफिसात लोक बघतात. बघू देत.

काहींनी मात्र स्वतःच्या मनाने सुरुवात करू नये. हर्निया असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. बाळंतपणानंतर पोटाचे उभे स्नायू मधून फाकलेले असू शकतात. ते तपासून घेतल्याशिवाय पोटाचे व्यायाम नकोत. हाडं ठिसूळ झालेल्या आजी-आजोबांनी पुढे वाकण्याचे व्यायाम, सिट-अप्ससकट, टाळावेत, कारण त्यांत मणक्याला चीर जाऊ शकते. कळ कमरेतून पायात उतरत असेल, पावलाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर तपासून घ्या. आणि लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा जांघेत, बैठकीच्या जागी बधिर वाटायला लागलं, तर पायाळूही नको आणि हा लेखही नको. त्याच तासाला हॉस्पिटल.

मॅडमकडे शेवटचा गेलो तेव्हा त्यांनी घड्याळ लावून दोन्ही कुशींवरचा प्लँक मोजला. उजव्या कुशीवर ४८ सेकंद, डाव्या कुशीवर ३१. दोन्ही बाजू साधारण सारख्या हव्यात म्हणाल्या, आणि विचारलं, "लॅपटॉपची बॅग कुठल्या खांद्यावर घेता?" गेली बारा वर्षं उजव्या. आता डाव्या खांद्यावर घेतो, तर ती चालताना सारखी घसरते.